न पोळणारा शेक

दवाखान्याचं दार उघडून अर्धा तास झाला नसेल, तोवर आमच्या तळमजल्यावर पाय ठेवायला जागा उरायची नाही. बाकं भरलेली, बाकांमधली फरशी भरलेली, जिन्याच्या पायऱ्यांवरही माणसं. आणि निम्म्या लोकांच्या मांडीवर एकेक चेहरा.

दचकू नका. चेहरा म्हणजे मुखवटा. तोंडाच्या, घशाच्या, मानेच्या कॅन्सरवर किरण देताना डोकं जराही हलून चालत नाही. म्हणून प्लास्टिकची पांढरी जाळी गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या चेहऱ्यावर ओढतात. ती गार झाली की त्याच्याच नाकाडोळ्यांचा घट्ट साचा तयार होतो. रोज तो चढवायचा, टेबलाला अडकवायचा आणि मग यंत्र सुरू करायचं. एरवी असे मुखवटे दवाखान्याच्या फडताळात राहतात. इथे मात्र नातेवाईक ते घरी नेत, कापडात गुंडाळून परत आणत आणि मांडीवर घेऊन बसत. कारण मुखवट्याला रोज थंड हाताच्या डॉक्टरांचा हात लागायला हवा होता.

"आले, आले!"

डॉक्टर लिफ्टमधून बाहेर पडले की बसलेले उभे राहत आणि उभे असलेले वाकत. उंचेपुरे, रुपेरी केस, कडक इस्त्रीचा कोट आणि मधात बुडवून काढलेला आवाज. प्रत्येक मुखवट्याच्या कपाळावर ते तळहात ठेवत, डोळे मिटत, काहीतरी पुटपुटत. मग डोळे उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "सांगितलं मी त्याला. हा माझा माणूस आहे, याला पोळायचं नाही."

"कुणाला सांगितलं, डॉक्टर?" एखादा नवखा विचारायचा.

"किरणाला. किरण म्हणजे शेवटी उजेडच ना? उजेडाला दरडावून चालत नाही, बाळा. त्याला प्रेमाने वळवावं लागतं."

या वाक्यावर लोक असे काही माना डोलवत की वाटावं, उजेड वळवणं म्हणजे गल्लीतून गाय वळवण्याइतकं सोपं काम आहे.

"माझ्या वडिलांचा निम्मा शेक झाला," एक गृहस्थ सांगत होते. किरणोपचाराला लोक शेकच म्हणतात. "पण घशाला एक फोड नाही! काल मागून मागून जेवले. आणि त्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंचे पेशंट बघा. मान काळीठिक्कर, तोंड सोललेलं, नाकातून नळी. यंत्र तेच, यंत्र चालवणारी माणसं तीच. मग फरक कशाचा? सांगा ना, कशाचा?"

"हातगुण!" चारपाच जण एकदम म्हणाले.

प्रश्न मला फार आवडला. उत्तर देण्याची मात्र सगळ्यांना घाई झाली होती.

मी या दवाखान्यात नवीन होते. मी डॉक्टर नाही. माझं काम किरणांच्या मोजमापाचं. किरण कुठे द्यायचे ते डॉक्टर स्कॅनवर रेषा काढून सांगतात, त्यावरून उपचाराचा प्लॅन तयार होतो, आणि यंत्र तो प्लॅन बिनचूक पाळतंय का हे मी तपासते. पटलं तर सही करते. त्या सहीशिवाय प्लॅन रुग्णावर चालवता येत नाही. या कामात आयुष्य गेलं की एक गोष्ट पक्की कळते, किरण कुणाचं ऐकत नाही. तो डॉक्टरांना ओळखत नाही आणि मलाही ओळखत नाही. डॉक्टरांचा हात थंड का, हे तर मला पहिल्याच भेटीत कळलं. त्यांच्या केबिनमधल्या एसीचा झोत थेट टेबलावर सोडलेला होता.

पण त्यांच्या रुग्णांना पोळत नव्हतं, हे खरं होतं. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते. थाप असती तर हसून सोडून दिली असती. खरं होतं म्हणूनच मला चैन पडेना.

अशातच मामाला गिळताना दुखायला लागलं.

माझा मामा लोकांना मोटार चालवायला शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून जन्मभर "क्लच! अहो, क्लच!" असं ओरडल्यामुळे घसा बसला असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. तपासणीत जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला. मानेत डाव्या बाजूला एक गाठही बोटाला लागत होती.

"बरा होण्यासारखा आजार आहे," आमच्या विभागप्रमुख म्हणाल्या. त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात. "पण शेक पुरता घ्यावा लागेल. मधले काही आठवडे फार वाईट जातील."

"वाईट कशाला जातील?" मामी तिथल्या तिथे म्हणाली. "आम्ही थंड हाताच्या डॉक्टरांकडे जाणार."

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "मामी, हाताने काही होत नसतं गं."

"तुला सगळं मोजायची सवय. मोजून कळत नाही असंही काही असतं जगात. ती नळी लावलेली माणसं बघितलीस ना? यांना मी तसं बघू शकणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"फूटपट्टे, ब्रेक दाब," मामा म्हणाला. "तुझी मामी चौथ्या गिअरमध्ये आहे."

फूटपट्टी म्हणजे मी. लहानपणी घरातली दारं, खिडक्या, मामीच्या पोळ्या, सगळं मोजत फिरायचे, तेव्हापासूनचं हे नाव. आईवडील कामाला जायचे आणि मी मामाकडे वाढले. शाळेच्या दारात मला सोडायला येणारी मोटार मामाची असायची, आणि ती नेहमी कुणीतरी शिकाऊ माणूस चालवत असायचा. या माणसाचा जीव आता एका रेषेवर अवलंबून होता.

ती रेषा माझ्या पडद्यावर आली तेव्हा मी आधी मामाला विसरायचा प्रयत्न केला. मानेचे आडवे छेद एकामागून एक सरकवत गेले. किरण द्यायचे तर नुसती दिसणारी गाठ धरून भागत नाही. तिच्या आसपास आणि मानेतल्या ग्रंथींमध्ये कॅन्सरच्या पेशी शिरलेल्या असू शकतात, त्या कुठल्याच स्कॅनला दिसत नाहीत. शिवाय माणूस श्वास घेतो, आवंढा गिळतो, रोज केसभर इकडेतिकडे निजतो. त्या सगळ्यापुरती जागा गाठीभोवती सोडावी लागते. शिंपी शिवणीत जास्तीचं कापड सोडतो त्याला माया म्हणतात, आणि आमच्या खोलीत या जागेलाही आम्ही मायाच म्हणतो.

मामाच्या प्लॅनमध्ये माया नव्हती. रेषा गाठीला चिकटून फिरली होती. मानेतली डावी गाठ तेवढी धरली होती, तिच्या वरखालच्या ग्रंथी सोडलेल्या. उजव्या बाजूला तर डॉक्टरांनी हातच लावला नव्हता, आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर दोन्ही बाजूंना पसरतो हे आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात.

मी प्लॅन यंत्रावर तपासून पाहिला. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली. खरी गोम इथेच होती. यंत्र आज्ञा पाळतं का, हे तपासायला आमच्याकडे महागडी उपकरणं आहेत. आज्ञाच बरोबर आहे का, हे तपासायला दुसरा डॉक्टर लागतो. त्याने पहिल्याची रेषा पाहायची आणि चुकली असेल तर तोंडावर सांगायचं, अशी पद्धत असते.

मी केबिनमध्ये गेले. "डॉक्टर, या प्लॅनमध्ये माया कुठे आहे?"

त्यांनी छातीवर हात ठेवला. "माया इथे असते, ताई."

"इथे असून किरणाला कशी कळणार?"

"तुम्ही गणितवाले. तुम्हाला रेषा दिसते, मला माणूस दिसतो. माणसाला जितकं कमी जाळू तितकं बरं."

"उजवी मान पूर्ण सुटली आहे."

"सुटली नाही. वाचवली."

"मग हा प्लॅन शेक सुरू व्हायच्या आधी बैठकीत ठेवू. बाकीच्या डॉक्टरांनाही बघू दे."

"बैठकीत माझे प्लॅन येतातच की," ते मधाळ हसले.

येत होते, हे खरं. दर आठवड्याला सगळे डॉक्टर एकत्र बसून एकमेकांचे प्लॅन पाहत. पण थंड हाताचे डॉक्टर आपले प्लॅन आणत ते शेक निम्मा झाल्यावर. पडद्यावर त्यांची रेषा आधीच काढलेली, आणि तोंडाने गोष्ट चालू: हा माणूस आला तेव्हा कसा रडत होता आणि आता कसा जेवतो. रेषा समोर असली की डोळा तिच्यावरूनच फिरतो. त्यात वयाचा मान. कुणी "छान" म्हणायचं, कुणी चहा ढवळायचं, आणि पुढचा प्लॅन यायचा. तपासणीचा नुसता देखावा उरला होता.

"मग माझी सही होणार नाही," मी म्हटलं.

मधाचं भांडं लवंडलं. "तुमचा मामा आहे म्हणून! घरचा पेशंट असला की माणसाची बुद्धी ठिकाणावर राहत नाही. उद्यापासून शेक सुरू व्हायचा आहे. उशीर झाला तर जबाबदारी तुमची."

दुपारपर्यंत बातमी कॉरिडॉरभर झाली. नवीन बाईने थंड हाताच्या डॉक्टरांचा प्लॅन अडवला! मी पाणी प्यायला बाहेर पडले तर लोक बाजूला सरकले, पण आदराने नव्हे. "हिला काय कळतं? डॉक्टर आहे का ही?" असं एकजण माझ्याकडे न बघता म्हणाला. आणि मामी तर त्या सगळ्यांसमोर माझ्यावर तुटून पडली.

"तुझ्या हातात आहे ना सही? मग कर! जन्मभर ज्याने तुला खांद्यावर खेळवलं त्याला तडफडायला लावायचंय तुला?"

"तडफडायला नाही, मामी. जगायला."

"जा इथून. मला तोंड दाखवू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि डोळ्यांत पाणीही होतं. मी खोलीत येऊन दार लावून घेतलं. तेवढ्यात कुणीतरी हळूच टकटक केलं.

दारात एक बाई उभी होती. हातात कापडात गुंडाळलेला मुखवटा. "डॉक्टरांना द्यायचा होता, पण बाहेर गर्दी आहे," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचा मुखवटा. डॉक्टरांचा हात लागलेला आहे. कुणा गरजूच्या कामी येईल म्हणून आणला."

मुखवटा दुसऱ्याच्या चेहऱ्याला बसत नाही, हे मी सांगितलं नाही. विचारलं, "ते कसे आहेत?"

"गेले."

मी तिला बसवलं. शेक संपला तेव्हा नवरा ठणठणीत होता, असं तिने सांगितलं. एक फोड नाही, भाजल्याची खूण नाही. सगळ्या नातेवाइकांना तिने थंड हाताचा पत्ता दिला होता. मग वर्ष भरायच्या आत पुन्हा गाठ आली.

"कुठे?"

तिने स्वतःच्या उजव्या कानाखाली बोट ठेवलं. "पहिली या बाजूला नव्हती हो. ही नवीनच आली."

"मग इथे दाखवायला का नाही आणलंत?"

"कोणत्या तोंडाने आणणार? डॉक्टरांनी एवढा जीव लावला होता. दुसरीकडे गेलो, पण वेळ निघून गेली होती. त्यांच्या हाताला यश आहे, आमच्याच नशिबात खोट." ती उठली आणि दारातून वळून म्हणाली, "त्यांना सांगू नका हं, हे गेले म्हणून. त्यांना वाईट वाटेल."

ती गेल्यावर मी तिच्या नवऱ्याचा जुना स्कॅन उघडला. कानाखाली जिथे तिने बोट ठेवलं, तिथे पोचायच्या आधीच डॉक्टरांची रेषा वळून गेली होती.

आता मला कळलं की या डॉक्टरांकडे एकही अपयशी रुग्ण का दिसत नाही. जे जगले ते कॉरिडॉरमध्ये येऊन गुण गात होते, आणि ज्यांचा आजार उलटला ते लाजेने दुसरीकडे जाऊन मरत होते. वर मरताना डॉक्टरांचं मन जपत होते! मी तशीच उठले आणि मोठ्या मॅडमच्या खोलीत शिरले.

"मॅडम, मी भाची आहे. माझ्या मतावर विश्वास ठेवू नका."

"मग कुणाच्या मतावर ठेवू?"

"ज्यांना स्कॅन कुणाचा आहे हे माहीत नाही, त्यांच्या. आपण रेषा बघून माना डोलवतो. या वेळी आधी रेषा पुसू. नावंही झाकू. मामाचा स्कॅन ठेवा, त्यात सगळ्याच डॉक्टरांचे जुने काही मिसळा. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या पडद्यावर, एकमेकांचं न बघता, स्वतःच्या हाताने रेषा काढायची. मग सगळ्यांच्या रेषा एकमेकींवर ठेवून बघू."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे माझीही परीक्षा?"

"तुमचीही."

"घ्या," त्या म्हणाल्या. "आणि आजच घ्या. तुमचा मामा थांबलाय."

थंड हाताचे डॉक्टर नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हटलं तर घाबरले असं दिसलं असतं, आणि घाबरणं त्यांच्या कोटाला शोभत नव्हतं. ते रुबाबात येऊन बसले. पहिलाच स्कॅन पाहून म्हणाले, "हा तर आपल्या ताईंचा मामा! याची रेषा मी काढलेलीच आहे." आणि तीच रेषा पुन्हा काढली. पुढच्या स्कॅनवर मात्र त्यांनी काही ओळख दाखवली नाही. दुसऱ्या कुणाचा तरी रुग्ण, असं समजून ते भराभर रेषा काढत गेले. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना ऐकू जाईल असं मध्येच म्हणाले, "पुस्तक पाठ आहे मला. काळजी नसावी."

मग रेषा एकमेकींवर ठेवल्या.

मामाच्या मानेवर बाकी सगळ्या डॉक्टरांच्या रेषा जवळजवळ एकाच वाटेने गेल्या होत्या. थोडं इकडेतिकडे, माणसामाणसात फरक असतो तेवढंच. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी आत. त्या सगळ्या रेषांच्या पोटात, एका कोपऱ्यात, थंड हाताच्या डॉक्टरांची चिमुकली रेषा पडली होती.

"माणूस वाचवायचा की रेषा रुंद करायची, हा ज्याच्या त्याच्या अनुभवाचा भाग आहे," ते म्हणाले. "माझी पद्धत वेगळी आहे."

"दुसरा स्कॅन लावा," मी म्हटलं.

दुसऱ्या स्कॅनवर त्यांची आत्ताची रेषा होती. रुंद, पुरती, दोन्ही बाजू धरलेली. मोठ्या मॅडमच्या रेषेशी तंतोतंत जुळणारी.

"वा," मॅडम म्हणाल्या. "ही तर अगदी बरोबर आहे."

"हो ना?" मी म्हटलं. "आता याच स्कॅनवर प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी काढलेली रेषा बघा." आणि मी जुनी रेषा वर आणली. अरुंद, गाठीला चिकटलेली, उजव्या कानाच्या अलीकडेच वळलेली. "हा माणूस गेला. जिथे रेषा पोचली नाही तिथेच गाठ उलटली. रेषा कुणाची आहे ते डॉक्टर सांगतील. दोन्ही त्यांच्याच आहेत."

खोलीत कुणी चहा ढवळेना.

म्हणजे बघा. रुग्ण दुसऱ्याचा आहे असं वाटलं तेव्हा यांच्या हाताला सगळं बरोबर येत होतं. रुग्ण स्वतःचा असला, कॉरिडॉरमध्ये ज्याच्या मुखवट्यावर हात ठेवायचा असला, की रेषा आक्रसत होती. हे अज्ञान नव्हतं. हा चमत्कार टिकवायचा खर्च होता, आणि तो रुग्ण भरत होते.

"लोक पोळण्याला घाबरून शेक अर्धवट सोडून पळतात!" डॉक्टर उसळून म्हणाले. आवाजातला मध कुठल्या कुठे गेला होता. "माझ्याकडे पुरा करतात. हे कुणीच का बघत नाही?"

"पुरा कशाचा करतात?" शेजारच्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच बोलल्या. "माझे पेशंट रोज मला शिव्या देतात. नळी लावताना माझेही हात जड होतात. लाळेच्या ग्रंथी वाचवायला मी तासन्तास घालवते, पण कॅन्सर सोडून नाही वाचवत. त्रास कमी करण्याची औषधं देता येतात, डॉक्टर. न दिलेला किरण नंतर देता येत नाही."

मोठ्या मॅडमनी तिथेच ठरवून टाकलं. यापुढे रेषा पुसून दुसऱ्या डॉक्टरने स्वतः काढल्याशिवाय कुणाचाही प्लॅन पुढे जाणार नाही, आणि थंड हाताच्या सगळ्या जुन्या रुग्णांना पुन्हा तपासणीला बोलवायचं. काहींची गाठ वेळेवर सापडली. काहींची नाही. जे वाचले त्यांची नावं मला आठवतात, पण ज्यांचं उशिरा कळलं त्यांचे चेहरे जास्त आठवतात.

मामी मात्र ऐकायला तयार नव्हती. "रेषा-बिषा मला कळत नाही. हात लावला की पोळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग डोळ्यांनीच बघ," मी म्हटलं. कॉरिडॉरमधल्या ज्यांना यायचं होतं त्यांनाही बोलावलं. वडील मागून मागून जेवतात असं सांगणारे ते गृहस्थ सगळ्यांत पुढे. मुखवटा घेऊन आलेल्या बाईंना मी फोन करून विचारलं होतं, आणि त्या स्वतःच आल्या होत्या.

आमच्याकडे एक फिल्म असते. किरण पडले की ती गडद होते, जास्त पडले तर जास्त गडद. प्लास्टिकच्या ठोकळ्यावर मी एक फिल्म ठेवली आणि त्यावर डॉक्टरांचा हात लागलेला त्या बाईंचा मुखवटा पालथा घातला. शेजारी दुसरी फिल्म, तिच्यावर फडताळातला कोरा मुखवटा, ज्याला कुणाचाच हात लागला नव्हता. तिसरी फिल्म जराशी बाजूला, उघडी. किरण पहिल्या दोन ठिकाणीच पडतील असा प्लॅन लावला. सगळे बाहेर आलो, यंत्र चालवलं आणि पुन्हा आत गेलो.

"उचल," मी मामीला म्हटलं.

तिने हात लागलेल्या मुखवट्याखालची फिल्म उचलली. गडद. कोऱ्या मुखवट्याखालची उचलली. तितकीच गडद. दोन्ही शेजारी धरून तिने खूप वेळ पाहिल्या.

"आणि ही?" तिने तिसरी उचलली. होती तशी फिकट. "हिच्यावर तर मुखवटाही नव्हता. ही का नाही पोळली?"

ते गृहस्थच पुटपुटले, "तिथे किरण गेलाच नाही."

"गेलाच नाही," त्या बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या उजव्या कानाखाली हात नेला. "म्हणजे ह्यांना इथे शेक दिलाच नव्हता?" मग त्या गृहस्थांकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचा निम्मा झालाय ना? अजून निम्मा आहे. पळा. आत्ता जा मोठ्या मॅडमकडे." आणि ते गृहस्थ खरोखरच पळाले.

मामी भिंतीला टेकून उभी होती. मामा पुढे झाला. तो म्हणाला, "फूटपट्टे, मला पोळणारा दे."

पोळलं. चांगलंच पोळलं. मान काळी पडली, तोंड सोलवटलं, नळी लागली. क्लच म्हणून ओरडणाऱ्या माणसाचा आवाज गेला आणि तो पाटीवर लिहून भांडायला लागला. मामी रात्रंदिवस त्याच्या उशाशी होती. मध्ये एकदा त्याला कळा असह्य झाल्या तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यावर मी रागावलेली आहेच. पण थांबवू नकोस." मी खोलीबाहेर जाऊन रडले.

थंड हाताचे डॉक्टर काही दिवस सुट्टीवर गेले आणि मग आलेच नाहीत. दुसऱ्या शहरात त्यांची पाटी लागली आहे, बाहेर गर्दीही जमते, असं ऐकलं. म्हणून मोठ्या मॅडमनी सगळी हकीकत लिहून तिथल्या वरिष्ठांना कळवली आहे. आमच्या कॉरिडॉरमधले काही लोक अजूनही मला बघून तोंड फिरवतात. फिरवोत बापडे. मी माझ्या जागी आहे.

मामाचा आवाज आता परत आलाय, जरा चिरका. मोटार शिकवायला लागलाय. ताज्या तपासणीत काही सापडलं नाही. बरा झाला असं मी म्हणणार नाही, अजून काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, एवढा फरक आमच्यात आणि त्या थंड हातात राहू दे.

तुमच्या घरात असा आजार आला तर डॉक्टरांवर विश्वास ठेवा, जरूर ठेवा. पण हात थंड आहे का, आवाज गोड आहे का, बाहेर गर्दी किती आहे, हे बघून ठेवू नका. सरळ विचारा, "माझा प्लॅन आणखी कुणी पाहिला? आधीची रेषा न बघता पाहिला का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा नीट बघा.

मामी मामाला तपासणीला घेऊन येते तेव्हा ती कॉरिडॉरमध्ये बसून नव्या नातेवाइकांना हेच पढवत असते. परवा एक तरुण मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या वडिलांचा शेक दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता.

"दोन डॉक्टरांनी रेषा काढल्या, ते मला कळलं," ती म्हणाली. "पण त्यावरचं मोजमाप तुम्ही केलंत ना? ते कुणी तपासलं?"

"माझ्या सहकाऱ्याने."

"तुमचं उत्तर न बघता?"

"न बघता."

"मग त्यांना बोलवता का? मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

मी हातातलं काम टाकलं आणि त्याला बोलवायला गेले.